बाळकूचं झाकण

खाडीकाठच्या एका गावात बाळकू नावाचा एक भोळा गडी होता. सांगाल ते करायचा, एवढाच त्याचा दोष.

बायको आवडी मासळी विकायची. बर्फाच्या पेटीला झाकण नव्हतं. दुपारपर्यंत बर्फाचं पाणी व्हायचं आणि मासळीला घाण वास सुटायचा. सासऱ्यानं निरोप धाडला, "शुक्रवारी येतो. झाकण नसलं तर पोरगी घेऊन जातो."

बाळकू झिलू मेस्त्रीकडे गेला. झिलू होड्यांना फायबर मारायचा. त्याची स्वतःची होडी गळायची, पण सल्ला पक्का असायचा. "मधे हलकं काहीतरी घाल, वरखाली फायबरचा थर दे."

बाळकूनं टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल घेतला, वर रेझिन, म्हणजे फायबरचं चिकट रसायन, ओतलं. थर्माकोल फुस्स करून विरघळला.

मेस्त्री ओरडला, "मूर्खा, आधी थेंब टाकून बघावं! विरघळलं तर फेकून द्यावं!"

"बरं."

घरी आवडीनं साखरेचा डबा हातात दिला. बाळकूनं थेंबभर पाणी टाकलं. साखर विरघळली. डबा उकिरड्यावर.

मग त्यानं पांगाऱ्याची हलकी फळी आणली, एकाच बाजूला थर दिला. फळी केळ्यासारखी वाकली.

मेस्त्री म्हणाला, "अरे, एका बाजूला करशील ते दुसऱ्या बाजूलाही करावं!"

"बरं."

शुक्रवारी सासरा लंगडत आला. "जावयबापू, डाव्या पायातला काटा काढा." बाळकूनं काढला. मग सुई उजव्या पायात खुपसली.

"मेलो! त्यात काटा नाही रे!"

"नसेना मामा. नाहीतर तुम्ही वाकाल."

"आवडे, बोचकं बांध!"

बाळकू धावला मेस्त्रीकडे. मेस्त्री म्हणाला, "नवी फळी घे, दोन्हीकडे थर दे. सुकेपर्यंत वर वजन ठेव. काही झालं तरी हलू देऊ नकोस."

बाळकूनं अंगणात थर दिले. वजन शोधलं. सासरा उभाच होता.

"मामा, तिचं बोचकं होईस्तोवर या फळीवर टेका."

सासरा टेकला. थोड्या वेळानं म्हणाला, "खाली गरम लागतंय हो."

"रेझिन तापतंय म्हणजे जमतंय. हलू नका."

आवडी बोचकं घेऊन आली. "चला बाबा."

बाबा उठेनात. धोतर फळीला घट्ट धरून बसलेलं. धोतर सोडून उठावं, तर कुंपणावर अख्खं गाव.

बाळकूनं चौघांना बोलावलं. फळी सासऱ्यासकट उचलून पेटीवर ठेवली. फिट्ट बसली!

"झालं झाकण, मामा! आता नेता पोरीला?"

मासळी संध्याकाळपर्यंत ताजी राहिली. गिऱ्हाइकं अंगणातच आली. दर खेपेला चौघं सासऱ्याला उचलायचे, आवडी मासळी काढायची, चौघं सासऱ्याला ठेवायचे. एक बाई बांगड्याचा भाव पाडायला तिसऱ्यांदा परत आली, तसा सासरा वरून खेकसला, "घ्यायचा तर घे ना बये! सारखं मला कशाला उचलायला लावतेस!"