रिकामा माळ, रिकामी कचेरी

येळावडीच्या माळावर सौर प्रकल्प यायचा होता. कंपनीच्या वागळे साहेबांनी पौषात ड्रोनने काढलेले फोटो तहसीलदारांपुढे मांडले. त्यांत ना माणूस, ना मेंढरू.

"अवो, दिवाळी झाली की आमी मेंढरं घिऊन कोकनात जातो, मिरगाला माघारी येतो," सुनावणीला आलेल्या बायजाबाई कोळेकर म्हणाल्या. "ह्याच माळावर आमच्या चार पिढ्या जगल्या."

वागळे हसले. "आजी, जागा रिकामी दिसली म्हणजे ती रिकामीच!"

"आसं व्हय?" म्हणून बायजाबाई उठल्या.

सोमवारी तहसीलदार माळ बघायला आले, तर माळाच्या कडेला थाटलेल्या कंपनीच्या कचेरीच्या कुंपणात दोनशे मेंढरं निवांत रवंथ करत होती आणि व्हरांड्यात साहेबांच्या खुर्चीवर बसून बायजाबाई लोकर कातत होत्या.

"कुणाला विचारून घुसलात?" वागळे कडाडले.

"इचारायला कुनी नगं का? काल दिसभर बघितलं, चिटपाखरू न्हवतं. म्हनलं, जागा रिकामी हाय."

"अहो, काल रविवार होता! सुट्टीला घरी गेलो म्हणजे काय कचेरी सोडली? आज आलोच ना परत!"

बायजाबाईंनी उठून खुर्ची पदराने पुसली, साहेबांपुढे सरकवली आणि तहसीलदारांकडे वळल्या.

"ऐकलंत न्हवं, रावसाहेब? ह्यांचा रविवार एका दिसाचा, आमचा सात म्हयन्यांचा. आमीबी आलोच की परत!"

तहसीलदारांनी पंचनाम्यातला 'ओसाड' खोडला आणि तिथं 'वहिवाटीचा' असं लिहिलं.