महाराजांची हरवलेली कातडी

"माझी कातडी मला परत पाहिजे! तीच पाहिजे! दुसरी चालणार नाही!"

शेंदूरगडचे राजे रणधीरराव भर दरबारात कडाडले. डावा पाय त्यांनी मखमली चौरंगावर ठेवला होता. समोर हात जोडून उभी होती जोडे शिवणारी ठकूबाई. तिनं शिवलेला नवा जोडा दसऱ्याला महाराजांना चावला होता. टाच सोलली, महाराज भर मिरवणुकीत लंगडले आणि लोक फिदीफिदी हसले. आता संक्रांत आली. जखम केव्हाच भरली होती, राग मात्र अजून ओला होता!

"चूक माझीच, सरकार," ठकूबाई म्हणाली. "माझे जोडे चावरेच! पहिला जोड नवऱ्याला शिवून दिला. तेव्हापासून तो अनवाणी हिंडतो आणि सुखात आहे!"

दरबार खुसखुसला. महाराज हसले नाहीत.

"तुझ्या जोड्यानं खाल्लेली कातडी उद्या सकाळी इथं हजर कर. नाहीतर तुझी आरी-रापी, सगळी हत्यारं जप्त आणि तू राज्याबाहेर!"

आरी गेली तर खायचं काय? जरा विचार करून ठकूबाई म्हणाली, "मग राजवाड्यात शोधायची परवानगी द्या, सरकार. पडली असेल ती इथंच कुठंतरी!"

"शोध! पाहिजे तिथं शोध!"

ठकूबाईनं केरसुणी मागून घेतली. महाराजांचा पलंग झाडला, गालिचे झटकले, न्हाणीघराची मोरी खरवडली. दासी हसू लागल्या. "जोडे जमेनात म्हणून झाडलोट धरलीस काय गं?"

"झाडलोट तरी कुठं जमते! सासू म्हणायची, ठकू केर काढत नाही, केराला फिरवून आणते!"

सकाळी तिनं सिंहासनापुढं एक गाठोडं सोडलं. "घ्या सरकार! यात तुमची कातडी आहे. आपली आपण ओळखून घ्यावी!"

"हा तर केर आहे!"

"केर कसला! तुमचं राजेशाही अंग आहे ते! कातडी म्हणजे एकसंध कापड नव्हे, सरकार. बारीक बारीक कणांचे थर असतात. वरचे मरून झडतात, खालून नवे येतात. पलंगावर, गालिच्यावर, अंगाच्या मळात, सगळीकडं महाराजच महाराज सांडलेत!"

महाराजांनी राजवैद्यांकडं पाहिलं. "ही काय बरळतेय?"

"खरं आहे, महाराज," वैद्य म्हणाले. "ज्यांना ती कण म्हणते त्या पेशी. एकटी पेशी डोळ्यांना दिसतही नाही. अशा असंख्य मिळून त्वचा होते. महिना-दीड महिन्यात वरची त्वचा नवी होते. आणि त्वचा हा शरीराचा सर्वांत मोठा अवयव!"

"आणि सर्वांत उधळा!" ठकूबाई पुटपुटली.

"मग माझी दसऱ्याची कातडी?"

"गेली, सरकार! आत्ता टाचेवर आहे ती नंतर जन्मली. तिनं माझा जोडा पाहिलासुद्धा नाही. विचारा तिलाच, काही तक्रार आहे का!"

महाराजांनी पाय उचलून खरोखरच टाच न्याहाळली. टाच गुळगुळीत होती!

"काही म्हणत नाही," ते नाइलाजानं बोलले.

"ज्या हातांनी जोडा शिवला, त्यांचीही कातडी झडली. फिर्यादी गेला, आरोपी गेला. आता शिक्षा कुणाला?"

महाराजांनी डोळे बारीक केले. "हातांची कातडी नवी आली ना? मग आता जोडे तरी बरे शिवतेस का?"

"कुठलं, सरकार! ती खोड कातडीत नव्हतीच. ती हाडीमाशी मुरलेली!"

महाराजांना हसू आवरेना. "तीन महिने ज्या कातडीसाठी मी रुसून बसलो, ती माझ्याच मोरीतून वाहून गेली! असा शहाणा राजा शोधून सापडायचा नाही!" त्यांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून ठकूबाईच्या हातावर ठेवलं. "आणि हे बघ, असाच एक जोड आमच्या व्याह्यांना शिवून दे. पाहुणचाराला आले की महिना महिना हलत नाहीत!"

ठकूबाईनं कानाला हात लावले. "नको, सरकार! माझा जोडा घातला, तर नवी कातडी येईपर्यंत ते इथंच राहतील!"

महाराज इतके हसले, की चौरंगावरचा पाय घसरून खाली आला. हसता हसताच त्यांनी दुसऱ्या हातातलं कडंही काढून दिलं.