लांब कानाचे मास्तर

एका गावात एक मास्तर होते आणि त्यांचा डावा कान उजव्यापेक्षा वीतभर लांब होता. खोटं वाटत असेल तर टाकळवाडीला जाऊन विचारा.

जन्मतः कान बरा होता. पण सखोपंत मास्तरांची एक रीत होती. पोर चुकलं की त्याचा कान पिळायचा. स्वतः चुकले की स्वतःचा, तोही दुप्पट जोराने. टाकळवाडीचं पोर जत्रेत हरवलं, तर कानावरून सापडे!

शेवटी मास्तर थकले. अन्न गोड लागेना, झोप येईना. शाळेची किल्ली घेऊन ते राणीकडे गेले. म्हणाले, "मला शिकवणं जमत नाही. शाळेला कुलूप लावा."

राणीने किल्ली घेतली नाही. तिने त्यांना चिमाबाईंकडे धाडलं. या म्हाताऱ्या बाई थकलेल्या शिक्षकांना करुणा शिकवत.

चिमाबाईंनी विचारलं, "पहिल्या दिवशी पोर रडत शाळेत आलं, की काय करता?"

"हातावर गूळ ठेवतो. मग हात धरून पाटीवर श्री गिरवून घेतो."

"वाकडा आला तर?"

"पुसतो. म्हणतो, पुन्हा काढू हं, बाळा."

"अन् तुमचं काही वाकडं झालं तर?"

मास्तरांचा हात आपसूक कानाकडे गेला.

"सोडा त्याला! बिचारा किती सोसेल? हा गूळ खिशात ठेवा. चुकलात की स्वतःला पहिल्या दिवसाचं पोर समजा. रोज सराव करा."

मास्तर आरशापुढे सराव करू लागले. बायको तोंडाला पदर लावून हसे.

मग एक दिवस खुद्द राणी शाळा बघायला आली. मास्तरांनी फळ्यावर ठसठशीत लिहिलं, सात आठे चोपन्न!

पोरांनी आधीच आपापले कान झाकले. मास्तरांचा हात उठला, कानापर्यंत गेला... आणि खिशात शिरला. गुळाचा खडा तोंडात टाकून ते म्हणाले, "चुकलं रे सखोबा. पुसू, पुन्हा लिहू."

कधी तोंड न उघडणारी भिवरी उभी राहिली. "मास्तर, माझी तर दोन गणितं चुकलीत. मला गूळ?"

मग काय, सगळी शाळाच चुकली! राणीनेही हळूच हात पुढे केला. "मास्तर, काल दरबारात आमचंही जरा चुकलंच."

किल्ली मास्तरांच्या कमरेलाच राहिली. पोरांचे कान जागेवर आले. मास्तरांचा मात्र बोटभर लांबच राहिला. पोरांचं ऐकायला तेवढा लागतोच, असं ते म्हणत.

तात्पर्य: जो स्वतःशी मायेने वागायला शिकतो, त्याचीच माया दुसऱ्यांना पुरते.