पहिला सूर गिऱ्हाईकाचा

आपलं कुणी खरं मानत नाही, ही धुरपी घुशीची जन्माची तक्रार होती. त्या राज्यात खरंखोटं चकाकीवरून ठरायचं, आणि धुरपी होती मातकट.

राज्यात मोराचा कारखाना होता. तिथे विजेवर वाजणाऱ्या गिटारी बनत. गिटारीच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या ठोकतात. त्यांची टोकं कडेला टोचू नयेत म्हणून धुरपी ती दातांनी कुरतडून गोल करायची. तिच्यामागून मथी गोगलगाय त्या मानेवर सरपटायची. तिचा चिकट माग वाळला की लाकूड आरशासारखं दिसे. ती चकाकी मोराच्या नावाने खपत असे.

कारखान्याचा रिवाज होता, पहिला सूर गिऱ्हाईकाचा. चकाकी चढली की गिटारीला हात लावायचा नाही, तार छेडायची नाही. छेडली की ती जुनी झाली, तिची किंमत गेली. मग माल तपासायचा कसा? बगळा एका पायावर उभा राहून लांबून बघे आणि शिक्का मारी. वाद्य जितकं महाग, तितका तो मागे सरे. सर्वांत महागडं त्याने कुंपणाबाहेरून पास केलं होतं.

यंदा मागणी वाढली, म्हणून मोराने ओलंच लाकूड आणवलं.

"हे अजून रडतंय," धुरपी त्याला म्हणाली. "वाळलं की आकसेल. पट्ट्या काही आकसायच्या नाहीत. टोकं बाहेर येतील आणि वाजवणाऱ्याचा हात फाडतील."

"धुरपाबाई, तुम्ही गिटार वाजवता का?"

"नाही. चावते."

सगळे हसले. बगळा म्हणाला, "मी पाहिलंय. मला टोकबीक काही दिसलं नाही."

"कुंपणापलीकडून माझी पोरंसुद्धा देखणी दिसतात," धुरपी म्हणाली.

लाकूड वाळलं, आकसलं. भिंतीवर टांगलेल्या गिटारींच्या कडांना काटे फुटले. पुन्हा एकदा दात फिरवू द्या म्हणून धुरपी मोराच्या मागे लागली. चकाकीला ओरखडा जाईल, म्हणून त्याने तिला हाकलून दिलं. विक्रीआधी मथीला मात्र उजाळा द्यायला पाठवलं. ती उतरली तेव्हा तिचं पोट चिरलेलं होतं.

"तू म्हणत होतीस ते खरंय गं," मथी म्हणाली.

धुरपीने ते ऐकलं. पण गोगलगायीचं मत मोजायची त्या राज्यात पद्धत नव्हती, आणि धुरपीनेही ते मोजलं नाही.

सर्वांत महागडी गिटार वाघाने आपल्या वानरासाठी घेतली. दरबार भरला. वानराने पहिला सूर छेडला, तो गोड निघाला. दुसऱ्यासाठी त्याने हात मानेवरून सर्रकन खाली नेला आणि तळवा उभा फाटला. वाघाने आधी रक्त चाटलं, मग विचारलं, "हे कुणाचं काम?"

वाद्य बिघडवणाऱ्याचं हत्यार काढून घ्यायचं, असा तिथला कायदा होता. मागे एका सुतारपक्ष्याची चोच काढली होती. तो अजून कारखान्याच्या दाराशी बसतो, कुणी भरवलं तर खातो. धुरपीचं हत्यार म्हणजे दात. ते गेले की घूस उपाशी मरते, हे तिला कुणी समजवायला नको होतं.

वाघाने मोराकडे पाहिलं, मोराने बगळ्याकडे, बगळ्याने धुरपीकडे. बगळ्याने येताना पक्कड आणली होती. तिच्या शेजारी त्याने मिठाची वाटीही मांडली. ती कशाला, हे कुणी विचारलं नाही.

मोर पिसारा मिटून धुरपीजवळ आला.

"धुरपाबाई, तुम्ही पहिल्यापासून सांगत होतात. आमचं चुकलं. आता तुम्ही बोलाल ते महाराज खरं धरतील. टोकं तुम्ही गोल केली होती ना?"

"केली होती."

"मग तुमच्यानंतर त्या मानेवरून कोण गेलं?"

"तुमचं लाकूड..." धुरपीने सुरुवात केली.

"लाकडाचं नाही विचारलं मी. कोण गेलं, ते विचारलं," मोर हळूच म्हणाला. बगळ्याने पक्कड उघडून मिटून पाहिली.

मथी साक्ष द्यायला निघाली होती, धुरपीच्या बाजूने. ती अजून दरबाराचा उंबरठाच चढत होती. मागे तिची ओली रेघ चमकत होती.

धुरपीने जिभेने आपले दात चाचपले. वाघाने कान टवकारले. मोर, बगळा, हाताला फडकं बांधलेला वानर, सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. तिचं बोलणं इतकं मनापासून कुणी कधी ऐकलं नव्हतं.

ती म्हणाली, "मथी."