घारीचं पिल्लू आणि लाकडी घार

शुद्धलेखनाच्या चुका असतील, त्या पोटात घाला. माझी शाळा लवकर सुटली. शब्दही साधेच येतात. गोष्ट मात्र लहानांनी वाचावी आणि मोठ्यांनीही.

फार जुन्या काळी एका डोंगराळ राज्यात एक सुतार होता. त्या राज्यात बिनदोरीची पाखरं उडवण्याची विद्या होती. हातातल्या डबीची दांडी हलवली, की आभाळातल्या लाकडी पाखराचे पंख हलत. सुताराने पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची घार केली. तिचे पंख हवे तेवढे पसरता येत, हवे तेवढे मिटता येत. रोज तो कड्यावर जाई आणि पंख थोडे पुढे, थोडे मागे करून बघे.

शेजारी हसत. "अरे, त्यापेक्षा कोंबडी करायचीस. अंडं तरी मिळालं असतं."

तो खाली मान घालून निघून जाई.

एके दिवशी कड्यावरची खरी घार त्याच्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "दादा, माझं पिल्लू नुकतं उडायला लागलंय. तुझ्या पाखराला ते आपल्यातलंच समजतं. त्यानं पंख पसरले की हे पसरतं, त्यानं मिटले की हे मिटतं. पिसं अजून कोवळी आहेत. त्याला बळ येईपर्यंत थांब."

"थांबतो," सुतार म्हणाला. "पण आज नवी खुंटी बसवलीय. पंख पुरते मिटतात का, तेवढं एकदाच बघू दे."

"पडायला एकदाच पुरतं, दादा."

त्याने ऐकलं नाही. लाकडी घार वर चढली, मागोमाग पिल्लू चढलं. सुताराने दांडी पूर्ण ओढली. पंख मिटले आणि लाकडी घार धोंड्यासारखी खाली आली. तिच्यामागे पिल्लूही. जमीन जवळ येताच त्याने दांडी सोडली. लाकडी पंख झटकन उघडले, घार तरंगत पुढे गेली.

पिलाचे पंख वेळेत उघडले नाहीत.

घार खाली उतरली. ओरडली नाही. "जीव आहे अजून," ती म्हणाली. "पंख मोडलाय. तू पंख जोडणारा ना? मग जोड."

सुताराने बांबूची कामटी तासली, मऊ दोरा गुंडाळला, नाना खटपटी केल्या. पण तो पंख पुन्हा उघडला नाही.

आपल्या मागे कुणी येत असेल, तर आपला प्रयोग आपल्या एकट्याचा राहत नाही.

शेवटी एका सकाळी सुताराने लाकडी घारीचा एक पंख काढला आणि कड्याखालच्या दोन दगडांवर आडवा ठेवला. त्यावर पिलाला बसवलं. मग मांसाचा तुकडा त्याच्या चोचीपुढे धरून तो उभा राहिला. पिल्लू आभाळाकडे बघत होतं.