कुवलयेची उडी

एका राज्यात विस्तव पेटेनासा झाला. चकमक झाडली की ठिणगी पडे, पण कापसाला लागण्याआधीच हवेत विरून जाई. चुली थंड, लोहारांच्या भट्ट्या थंड, देवापुढची निरांजनेही थंड. लोक भिजवलेले हरभरे आणि झाडाची फळे खाऊन दिवस काढीत. शरद ऋतू चालला होता, मागून हेमंत येणार होता, आणि थंडीत तान्ह्या लेकरांना शेक कशाने द्यावा, हा घोर घरोघरच्या आयांना लागला होता.

हा शाप धूमजट नावाच्या मायावी जादूगाराचा. राजा चंद्रकेतूने यज्ञात अग्रपूजेचा मान त्याला न देता एका वृद्ध ऋषीला दिला. त्या रागाने धूमजटाने राज्यातला सारा अग्नी ओंजळीत ओढून घेतला, त्याचे एक माणिक केले, ते आपल्या जटेत गुंफले आणि तो काळ्या डोंगराच्या गुहेत जाऊन बसला. राजाने योद्धे धाडले. ज्याने ज्याने गुहेच्या दाराला हात लावला, तो जागच्या जागी तांब्याचा पुतळा झाला.

एके सकाळी एक नीळकंठ पक्षी राजसभेच्या गवाक्षात उतरला आणि मनुष्यवाणीने बोलला, "राजा, ते दार केवळ राजरक्ताला उघडेल. आत नेलेल्या शस्त्राचे मेण होईल. तीन रक्षक आहेत, त्यांना रित्या हातांनी जिंकावे लागेल. माणिक फुटेल तेव्हा शाप फिटेल."

राजा वृद्ध, पायांनी अधू. त्याचे अपत्य एकच, राजकन्या कुवलया. साऱ्या सभेचे डोळे तिच्याकडे वळले आणि साऱ्या सभेने सुटकेचा निःश्वास टाकला. कारण कुवलयेची कीर्ती मोठी होती. रेशमाच्या व्यापाऱ्यांबरोबर चीनदेशाहून आलेल्या आचार्या सूलान हिने तिला बालपणापासून आपल्या देशाची युद्धविद्या शिकवली होती. कुवलया धावत येऊन हवेत गिरकी घेई, एका पायाने आकाशात चक्र काढी, उलटी उडी मारून पिसासारखी भुईवर उतरे. वसंतोत्सवात ती उडाली की नगरजन श्वास रोखून पाहत.

"तात, मी जाते," कुवलया म्हणाली. तिच्या मनात भय नव्हते. खरे सांगायचे तर थोडा गर्वच होता.

तेव्हा राज्याचा मल्लराज वज्रबाहू उठून उभा राहिला. कान चुरगळलेले, मान खांबासारखी. तो म्हणाला, "महाराज, लहान तोंडी मोठा घास घेतो. राजकन्येची विद्या डोळ्यांना गोड आहे. पण ती लढाईत चालते का, हे कोणी पाहिले आहे? हवेत गेलेल्या माणसाला दिशा बदलता येत नाही. एकदा माझ्याशी खेळू द्या. चूक ठरलो तर पायावर डोके ठेवीन."

सभेपुढच्या आखाड्यात दोघे उतरले. कुवलया धावली, गिरकी घेऊन उडाली. वज्रबाहू हललाच नाही. तिचा पाय जवळ आला तेव्हा त्याने तो पेंढी झेलावी तसा झेलला आणि तिला अलगद मातीवर ठेवले. ती उठली, पाठमोरी उडाली. तो उतरण्याच्या जागी आधीच उभा होता. तिसऱ्यांदा तिने सारी चपळाई पणाला लावली, आणि तिसऱ्यांदा तिची पाठ मातीला लागली.

कोणी हसले नाही. हसले असते तर तिला बरे वाटले असते.

कुवलया सूलानच्या कुटीत गेली. तिच्या केसांत अजून माती होती. "आचार्ये, तुमची विद्या खोटी आहे का?"

सूलानने तिच्या केसांतली माती झटकली. मग म्हणाली, "मुली, माझ्या देशात ही विद्या आधी रणात जन्मली, मग राजांच्या अंगणात वाढली. रणात तिच्याजवळ थोडे ठोसे होते, थोड्या लाथा. अंगणात तिला अलंकार चढले. मी तुला अलंकारांसकट दिली. त्यांतले सोने किती आणि मुलामा किती, हे मलाही ठाऊक नाही, कारण मी कधी कोणाशी जीव तोडून लढले नाही."

"मग ते कळावे कसे?"

"जो तुला पाडतो त्याच्याकडे रोज जा."

दुसऱ्या दिवशी पहाटे कुवलया आखाड्यात जाऊन उभी राहिली. वज्रबाहूने विचारले, "राजकन्ये, लागेल. चालेल?"

"मातीत मी राजकन्या नाही."

"मग ये पोरी," वज्रबाहू म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्याने तिला हातचे राखून खेळवले नाही.

उरलेला सारा शरद ऋतू ती पडत राहिली. खांदे काळेनिळे झाले, ओठ फुटला. तिने शंभर लाथा मारल्या तर नव्वद पकडल्या जात. पण हळूहळू काही उरू लागले. वज्रबाहूने कितीही जोरात आपटले तरी ती गडगडून लगेच उभी राही, असे पडणे त्याच्या कोणत्याच शिष्याला येत नव्हते. तिचा तोल ढळत नसे. अंतर तिला डोळ्यांनी मोजावे लागत नसे, ते पायांनाच कळे. गिरक्या गळून पडल्या. वज्रबाहूने तिला पट काढायला शिकवले, म्हणजे खाली वाकून समोरच्याचे दोन्ही पाय कवेत घेऊन त्याला उलथणे. धरल्यावर न सोडायला शिकवले.

पहिले दव गोठले त्या दिवशी नीळकंठ पुन्हा आला. "आता चल," तो म्हणाला. राजाने लेकीच्या मस्तकावर हात ठेवला. कुवलया पक्ष्यामागे निघाली.

काळ्या डोंगराचे दार तिच्या स्पर्शाने उघडले. पहिल्या दालनात ताम्रपुरुष उभा होता, ताडाएवढा उंच. "परत जा," तो म्हणाला. "जाणार नाही," ती म्हणाली. त्याने तिला उचलून भिंतीवर फेकले. दुसऱ्या कोणाची हाडे मोडली असती. कुवलया अंग चोरून पडली, गडगडली, उभी राहिली. त्याच्या मस्तकापर्यंत उडी घ्यावी असे तिच्या फार मनात आले. तिने ती इच्छा गिळली. तो पाऊल उचलीपर्यंत थांबली, आणि ज्या पायावर त्याचा सारा भार होता त्याच पायाला तिने जमिनीलगत लाथ हाणली. ताम्रपुरुष कोसळला तो उठलाच नाही.

दुसऱ्या दालनात एक सावली होती. ती थेट कुवलयेसारखी दिसे आणि कुवलया करील ते तिच्याहून सुंदर करी. सावलीने हवेत अशी गिरकी घेतली की कुवलयेचे भान हरपले. वसंतोत्सवातली तीच ती होती! "ये, माझ्यासंगे उड," सावली म्हणाली. "इथे तुला कोणी पाडणार नाही." कुवलयेने पाय भुईवर घट्ट रोवले. ती उडाली नाही. सावली उतरत होती तेवढ्यात तिने पुढे सरून तिला कवेत घेतले, भुईवर दाबले आणि सोडले नाही. सावली तडफडली, रडली, आणि धुक्यासारखी विरली.

तिसऱ्या दालनात स्वतः धूमजट बसला होता. त्याच्या जटेत माणिक धगधगत होते.

"तुझा गुरू कोण ते मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "आखाड्याचे सगळे डाव मी जाणतो."

खरेच तो जाणत होता. तिने पट काढला, तो निसटला. तिने लाथ मारली, त्याने अडवली. कितीतरी वेळ ते झुंजले. धूमजटाचा एक ठोसा बरगडीवर बसला आणि तिला श्वास घेणे जड झाले. हरत हरत ती मागे सरू लागली, अखेर तिची पाठ भिंतीपासून दोन हातांवर आली. धूमजट हसला. आता ही जाते कुठे? तो खाली वाकला आणि तिचे पाय कवेत घ्यायला झेपावला.

या एका क्षणी त्याचे डोळे जमिनीकडे होते.

कुवलया वळली. एक पाऊल भिंतीवर, दुसरे त्याहून वर, आणि तिसरे पाऊल नव्हतेच. ती पाठमोरी हवेत उलटली, त्याच्या वाकल्या पाठीवरून गेली आणि जाता जाता तिच्या हाताने जटेतले माणिक ओढून घेतले. धूमजटाचे मस्तक भिंतीवर आदळले. ती त्याच्या मागे दोन्ही पायांवर उतरली आणि तिने सारी शक्ती एकवटून माणिक शिळेवर आपटले.

माणिक फुटले. त्यातून अग्नी निघाला, गुहेबाहेर गेला, दऱ्यांवरून, शेतांवरून धावत सुटला. धूमजटाच्या जटांचा धूर झाला आणि त्या धुरातच तो नाहीसा झाला. दाराबाहेरचे तांब्याचे योद्धे शिंका देत जागे झाले आणि आपापल्या घरची वाट विचारू लागले.

कुवलया बरगडी धरून नगरात आली. राजाने तिला उराशी धरले. सभेत ती घडले ते सारे सांगू लागली, तेव्हा वज्रबाहूला राहवेना. "तू उडालीस? खऱ्या लढाईत?"

"एकदाच."

"आणि उडी लागू पडली?"

"त्याने खाली पाहिले म्हणून. खाली पाहायला मी त्याला तासभर शिकवत होते, हरत हरत. ताम्रपुरुषापुढे उडाले असते तर मेले असते."

सूलान दाराशी उभी होती. तिने लांबूनच विचारले, "मग मुली, सोने किती निघाले?"

"थोडे आहे, आचार्ये. पण खरे आहे."

वज्रबाहूने पागोटे सारखे केले आणि तो सूलानपुढे गेला. "आचार्ये, माझ्या पोरांना पडायला शिकवाल? मला पाडताच येते."

"शिकवीन," सूलान म्हणाली. "तुम्ही माझ्या पोरींना पाडत जा."

माणिक फुटले त्याच घटकेला नगरात पहिली चूल पेटली होती, मग तिच्या शेजारची, मग सारी आळी. तव्यांवर भाकऱ्या फुगल्या, भट्ट्यांत भाते फुंकले गेले, देवघरांतून निरांजने उजळली. त्या राज्याचा विस्तव असा परत आला. ही कथा ऐकणाऱ्यांच्या घरी तो कधी न विझो.