खालच्या तळीची जोडीदारीण

घरोघरी दळणाची जाती फिरायची, तेव्हाची ही गोष्ट. गजराबाईच्या जात्याची वरची दगडी तळी फुटली आणि खालची एकटी पडली. गजराबाई म्हणाली, "दुसरी वरची बसली तर बरं. नाहीतर हिला न्हाणीत धुण्याचा दगड करते."

पाथरवटानं दोन तळ्या आणून ठेवून पाहिल्या. खालची तळी दोन्ही वेळा डुगडुगली.

"एक कडेला टेकत नाही, दुसरी मध्येच उचलते," खालची तळी म्हणाली. "माझ्यासाठीच घडलेली कुठेतरी असेलच."

कोपऱ्यातलं म्हातारं उखळ हसलं. "असेल की गं, एखाद्या डोंगराच्या पोटात. ती निघेपर्यंत तुझ्यावर धुणी आपटतील."

तिसरी आली. तीही नीट बसेना, पण या वेळी खालची तळी डुगडुगली नाही, धीर धरून राहिली; गजराबाईनं ती वरची ठेवून घेतली.

नव्या जात्यावर आधी कोंडा दळायची रीत होती. गजराबाई रोज कोंडा दळी आणि दगडाची कच निघाली की टाकून देई.

"तुझा उंचवटा टोचतो मला," वरची म्हणाली.

"तुझाही टोचतो. फिर, पण जरा हळू फिर बाई."

दोघी थोड्या थोड्या झिजल्या. आठव्या दिवशी ज्वारीचं पीठ मऊ पडलं.

वर्षानं पाथरवट एक देखणी, गुळगुळीत तळी विकायला आला. ठेवून पाहिली, तर कुठल्याच बाजूनं टेकेना.

"तुमची खालची तळी भारी खोडीची," तो वैतागला.

"खोडीची नाही, दादा," गजराबाई म्हणाली, "तिचं लग्न झालंय."